हार्बर लाइनवरून न दिसणारं बंदर

सीएसएमटीहून हार्बरची गाडी सुटली की पहिली सहा स्टेशनं अशी लागतात: मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. उजव्या हाताला, अगदी जवळ, समुद्र आहे. लाइनीला हार्बर हे नाव त्यावरूनच पडलं. तरी या सहा स्टेशनांत खिडकीशी बसलेल्या माणसाला पाणी काही दिसत नाही. डॉकयार्ड रोडला गाडी उंचावर येते तेव्हा माझगाव डॉकच्या क्रेनची टोकं दिसतात. बाकी गोदामांचे पत्रे, ट्रकच्या रांगा आणि लांबलचक भिंत. लाखो माणसं रोज बंदराच्या नावाच्या गाडीतून बंदराला वळसा घालून जातात, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

माझे आजोबा त्या भिंतीपलीकडे तीस वर्षं राबले. देवगडहून बोटीने आले, भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गावच्या माणसाच्या ओळखीने गोदीत लागले. त्यांचा पितळी बिल्ला आमच्या कपाटात अजून आहे. त्यावरचा नंबर इतका झिजलाय की बोटाने चाचपूनच वाचावा लागतो. आम्हा नातवंडांना त्यांनी राणीची बाग दाखवली, म्हातारीचा बूट दाखवला, गेटवेला नेऊन चणे खाऊ घातले. गोदी मात्र कधी दाखवली नाही. दाखवता येतच नव्हती. पासाशिवाय गेटातून आत सोडत नसत. त्यामुळे मुंबईतल्या जुन्या इमारती बघायच्यात, कुठे जाऊ, असं कुणी विचारलं की मला आधी ती भिंत आठवते.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुंबई बंदर म्हणून वाढली, आणि आपण जपलेल्या, पाहुण्यांना कौतुकाने दाखवलेल्या तिच्या वारशात बंदरच नाही. आज पूर्व किनाऱ्यावरच्या पोर्टच्या शेकडो एकर जमिनीचं काय करायचं याचे बेत चालले आहेत. अशा वेळी गोद्यांच्या भिंती, दरवाजे, शेड, गोदामं यांना राजाबाई टॉवरच्या तोडीचा वारसा मानून आधी वाचवलं पाहिजे, आणि मग बाकीचं बोललं पाहिजे.

पाहुण्यांना आपण जे दाखवतो त्याबद्दल माझी तक्रार नाही. १८८८ साली पुरं झालेलं व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी, मी शंभरदा पाहिलं असेल, तरी मान वर जातेच. ते २००४ साली युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतीही गेल्या. आनंदच आहे. पण या इमारतींचा पैसा आला कुठून? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद कापसाचे राजे झाले आणि त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने, राजाबाई टॉवर उभा राहिला. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याचा कापूस रेल्वेने मुंबईत यायचा आणि बोटीत चढायचा. स्टेशन हे त्या वाटेवरचं मधलं ठाणं. वाट संपायची धक्क्यावर. आपण मधलं ठाणं जपलं आणि धक्का विसरलो.

धक्का म्हणजे नुसता दगडी कठडा, त्यात बघण्यासारखं काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. बघण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते समजून घ्यावं लागतं. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पाण्यात पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे दीड मजला. मोठं जहाज अशा किनाऱ्याला लागणार कसं? भरतीला लागलं तर ओहोटीला चिखलात बसेल. म्हणून जहाजं लांब नांगर टाकून उभी राहायची आणि माल पडावांतून, मचव्यांतून किनाऱ्यावर यायचा. पावसाळ्यात काय हाल होत असतील, विचार करा. यावर उपाय म्हणजे बंदिस्त गोदी. खडक फोडून तलाव खणायचा, चारी बाजूंनी घडीव दगडांची भिंत बांधायची, तोंडाशी दरवाजे बसवायचे. भरतीला दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचं आणि पाणी उतरायच्या आत ते बंद करायचे. बाहेर समुद्र दीड मजला खाली जातो, आतलं जहाज जागच्या जागी तरंगत राहतं. समुद्राला कुलूप घालण्याचीच ही विद्या. ती इथे आली आणि पाव शतकात मुंबईचं रूप पालटलं.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ साली कुलाब्याला ससून डॉक झाला, पश्चिम भारतातली ही पहिली बंदिस्त गोदी, तीही एका खासगी पेढीने बांधलेली. मग १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक, १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. या शेवटच्या गोदीसाठी जी माती-दगड खणून काढली त्यांचा भराव घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. जॉर्ज विटेटने, गेटवे ज्याने रेखाटला त्यानेच, तिथल्या इमारती एका ठेवणीत बसवल्या. तिथल्या रुंद फुटपाथवर दुपारी चहा पिताना आपण एका गोदीच्या पोटातून निघालेल्या जमिनीवर उभे आहोत, हे सांगणारी पाटी मला तरी कुठे दिसलेली नाही.

या साऱ्यात आत जाऊन बघता येतो तो ससून डॉक. तिथे जायचं तर पहाटे पाचच्या आत जावं. फाटकावरच्या घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत शिरलं की पायाखाली ओलं, नाकात बोंबील आणि डिझेल, आणि कानांत बर्फ फोडायच्या मशीनची घरघर. ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात. माल एका होडीतून दुसरीत, दुसरीतून धक्क्यावर असा टोपल्यांनी फेकला जातो. झेलणारे टोपलीकडे पाहतही नाहीत, हात आपोआप पुढे येतो. पापलेटचा वाटा मांडला की कोळणींचा लिलाव दोन-तीन मिनिटांत उरकतो. थोडं आत, शेडखाली बायका ओळीने बसून करंदी सोलत असतात.

गर्दी ओसरल्यावर धक्क्याच्या कडेला उकिडवं बसून दगड बघावा. काळा दगड आहे, घडीव, सांधे अजून घट्ट. दोर जिथे घासतात तिथे दगडाच्या कडेला पन्हळी पडल्यात, काही माझ्या अंगठ्याएवढ्या खोल. एवढ्या कठीण दगडावर दोराने रेघ उमटायला किती वर्षं लागली असतील? मी बोट घालून बघत होतो, तेव्हा शेजारी टोपल्या धूत बसलेल्या कोळणीला विचारलं, "मावशी, हा धक्का केवढा जुना असेल?"

"ते नाही ठाऊक. माझ्या सासूच्या सासूपासनं आम्ही इथंच बसतो."

हेरिटेजच्या नोंदीत इमारतीचं वय असतं, शैली असते, वास्तुकाराचं नाव असतं. सासूच्या सासूपासून चालत आलेली ही बसायची जागा तिथे कुठल्या रकान्यात लिहायची? ससून डॉक जपायचा म्हणजे दगड जपायचा, आणि लिलावही जपायचा. मासेमारी हलवून तिथे काचेच्या भिंतींचं रेस्टॉरंट काढलं तर दगड राहील, डॉक राहणार नाही. २०१७ साली तिथल्या जुन्या गोदामांत कलाप्रदर्शन भरलं, तेव्हा कोळणींच्या चेहऱ्यांची मोठमोठी चित्रं भिंतींवर लागली होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाहून माणसं बघायला आली होती. माणसांना अशा जागा बघायच्या असतात. त्यांना आत यायला मिळत नाही, एवढंच.

आता ज्या दोन गोद्या आपण गमावल्या त्यांच्याबद्दल. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया. समुद्रात नवं कंटेनर टर्मिनल बांधायचं ठरलं, कंटेनर रचून ठेवायला जमीन हवी होती, म्हणून या दोन्ही गोद्या भराव टाकून बुजवल्या. तोवर न्हावा शेवा, १९८९ साली सुरू झालेलं पलीकडचं बंदर, कंटेनरचा बहुतेक धंदा घेऊन गेलं होतं. कंटेनर टर्मिनल ठरलं होतं तसं चाललंच नाही. गोद्या मात्र गेल्या. व्हीटीचा घुमट पार्किंगसाठी पाडायचा असं कुणी म्हटलं तर शहर रस्त्यावर येईल. इथे सव्वाशे वर्षांच्या दोन गोद्या डंपरने भरल्या गेल्या आणि त्याची बातमी बहुतेकांपर्यंत पोचलीसुद्धा नाही, कारण मध्ये भिंत होती.

आणि व्हिक्टोरिया ही काही साधी गोदी नव्हती. १४ एप्रिल १९४४ ला तिथे फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं. शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी कापसाला आग लागली, बंब धावले, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. आजूबाजूची जहाजं बुडाली, मांडवी-मशीद बंदरच्या वस्त्या पेटल्या, माणसं शेकड्यांनी गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान एका दुपारी गेले. देशभर १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो यांच्यासाठी. माझी आजी सांगायची, गिरगावात आकाशातून जळत्या गाठी पडल्या, आणि पुढची कित्येक वर्षं टायर फुटला तरी तिच्या जाऊबाई भिंतीला धरून उभ्या राहायच्या. ज्या पाण्यात हे घडलं ते पाणीच आता नाही. तिथे आता सपाट भराव आहे.

मुंबईत बांधलेलं जहाज बघायचं असेल तर काय करावं? इंग्लंडला जावं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, १७५० साली इथे कोरडी गोदी, म्हणजे पाणी उपसून जहाजाचं काम करायची जागा, झाली, आणि वाडियांच्या पिढ्यांनी मलबारी सागवानाची जहाजं बांधली. १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिसवर झाला ते मुंबईचं जहाज. १८१७ साली इथे पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली हार्टलपूल गावी अजून पाण्यावर तरंगतंय. तिकीट काढून शाळकरी मुलं त्यावर चढतात, सागवानी फळ्यांना हात लावून बघतात. ते ज्या गोदीत बांधलं गेलं ती नौदलाच्या आवारात आहे. नौदलाचं आवार कुणी उघडं करा म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्या भिंतीबाहेर, लायन गेटजवळ, या विद्येचं एक बऱ्यापैकी संग्रहालय का असू नये?

सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. २००८ साली मारेकरी समुद्रातूनच आले. चालू गोदीत क्रेनखाली माणसांची वर्दळ नको, हेही खरं. पण ज्या भागात जहाज लागत नाही, जिथली गोदामं रिकामी आहेत आणि रेल्वेचे रूळ गवतात गेलेत, तिथे भिंत कुणाचं रक्षण करते? काही ठिकाणी ती आता सवयीने उभी आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. शहरात माणसाला राहायला जागा नाही आणि तुम्ही गोदामं जपायला निघालात? यावर मी गिरण्यांकडे बोट दाखवतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना आणि एक मालकाला असं ठरलं होतं. २००१ साली नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची ठरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. लालबाग-परळात काय उभं राहिलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जुनी इमारत पाडल्याने गरिबाला घर मिळतं हे तिथे खरं ठरलं नाही. गिरणीही गेली आणि गिरणी कामगारही गेला. काळाचौकीच्या गिरणीत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरून वर्षं लोटली. गोदीच्या बाबतीत हाच पाढा पुन्हा म्हणायचा का? पूर्व किनाऱ्यावर पोर्टची हजार एकरांहून जास्त जमीन आहे. घरं बांधा, बागा करा, जेट्टी करा, जागा पुरून उरेल. त्यातल्या जुन्या गोद्या, दगडी गोदामं, कॉटन ग्रीनची कापूस बाजाराची इमारत, शिवडीचा १६८० सालचा किल्ला, यांना लागणारी जमीन त्यात मिठाएवढी आहे.

लिव्हरपूलचं उदाहरण दोन्ही बाजूंनी घेण्यासारखं आहे. १८४६ सालचा अल्बर्ट डॉक १९७२ साली बंद पडला, गाळाने भरला. पाडायचे बेत झाले आणि शेवटी तो वाचवला. १९८८ साली विटांच्या त्या गोदामांत कलादालन आलं, शहराला नवा श्वास मिळाला, २००४ साली युनेस्कोचा मान मिळाला. मग त्याच शहराने शेजारच्या गोद्यांवर मोठाले प्रकल्प आणि फुटबॉलचं स्टेडियम मंजूर केलं, आणि २०२१ साली युनेस्कोने यादीतून नाव काढून टाकलं. इतकं लांब जायचं नसेल तर कोची बघा. फोर्ट कोचीतल्या ॲस्पिनवॉल हाउसच्या वखारीत २०१२ पासून बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन भरतं. मिरी-मसाल्याच्या त्या वखारीला रंगरंगोटी करून महाल बनवला नाही. ती वखार म्हणूनच राहिली, म्हणून माणसं येतात.

आणखी एक प्रश्न मला तरुण मित्र विचारतात: हे सगळं इंग्रजांनी बांधलं, आपण का जपायचं? मला यात चूक दिसते ती "बांधलं" या शब्दात. नकाशा इंग्रजाचा असेल. खडक कुणी फोडला? भाऊचा धक्का एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्यांनी बांधला, तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गोदीच्या भिंतीलगत जो रस्ता धावतो तो पूर्वी फ्रिअर रोड होता, आज पी. डिमेलो रोड आहे. प्लासिड डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी, १९५८ साली ऐन उमेदीत गेले. पाटी त्यांच्या नावाची, पण ज्यांच्यासाठी ते लढले त्यांचा एक हूक, एक हजेरी-पत्रक, एक बिल्ला त्या रस्त्यावर बघायला मिळत नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांनी बंड केलं ते याच पाण्यावर. ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी आफ्रिकेहून अपोलो बंदरावर उतरले, आणि २८ डिसेंबर १९३१ ला गोलमेज परिषदेहून बॅलार्ड पिअरवर. आणि १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावास्येच्या दिवशी, रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. हा इतिहास इंग्रजांचा कसा?

नावंसुद्धा बघा. लकडी बंदर, कोळसा बंदर, गवताचं 'हे' (Hay) बंदर, दारूगोळ्याचा दारूखाना. कुठला माल कुठे उतरायचा याचा तोंडी नकाशाच तो. उद्या तिथे टॉवर आले की ही नावं जाऊन इंग्रजीतली गोडगोड नावं येतील, आणि लकडी बंदर कुठे होतं हे सांगणारं कुणी उरणार नाही. २०१८ साली पोर्टने विकासाचा मसुदा आराखडा काढला तेव्हापासून चर्चा चालू आहे ती चटईक्षेत्राची, मरिनाची, क्रूझची. दगडाची, दरवाजाची, शेडची मोजणी करून यादी जाहीर करणं हे पहिलं काम असायला हवं होतं. अजूनही उशीर झालेला नाही. इंदिरा डॉक पाण्याने भरलेला आहे, ससून डॉक गजबजलेला आहे.

तोवर एक गोष्ट लगेच करता येईल, तिला ना आराखडा लागतो ना निधी. दर वर्षी अग्निशमन सप्ताहातल्या रविवारी गोदीचं एक गेट उघडावं. ग्रीन गेट चालेल, यलो गेट चालेल. ओळखपत्र बघून, पन्नास-पन्नासच्या तुकड्या करून, भरतीची वेळ साधून माणसांना आत न्यावं, म्हणजे पाणी धक्क्याच्या काठाशी आलेलं दिसेल. दाखवायला गाइड नकोत. शिवडी-वडाळ्याच्या वसाहतींत अजून निवृत्त गोदी कामगार आहेत, सत्तरी-पंच्याहत्तरीचे. कुठल्या शेडमध्ये काय उतरायचं, पोतं कुठल्या खांद्यावर घ्यायचं, हूक कसा फिरवायचा, हे त्यांना पाठ आहे. मी आजोबांचा बिल्ला घेऊन रांगेत पहिला उभा असेन.